तुटक रेघेचे सर

आमच्या वर्गात हजेरीला कुणी "हजर" म्हणत नसे. सर नाव पुकारायचे आणि आम्ही मिनिटं सांगायचो. "बारा, सर." "सात, सर." "अडतीस, सर." अडतीस मिनिटं माझी. घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत पायी यायला लागलेली. घड्याळ सगळ्यांच्या घरी नव्हतं, त्यामुळे अंदाज चालायचा, पण मग आकड्याच्या आधी "अंदाजे" म्हणावंच लागे.

"अंदाजे बावीस, सर."

"काल अठरा होती. आज चार मिनिटं कुठं गेली?"

"म्हशी आडव्या आल्त्या, सर."

"किती म्हशी?"

"लई व्हत्या."

"लई म्हणजे आकडा न्हाय. उद्या मोजून ये."

हे सगळं सर एका वेगळ्या वहीत लिहून ठेवत. पहिल्या सत्राच्या शेवटी त्या वहीवरून त्यांनी वर्गाचा नकाशा काढला. मध्ये शाळा आणि भोवती आम्ही, प्रत्येक जण आपल्या मिनिटांइतका लांब. गावात राहणारी पण ओढ्याला वळसा घालून येणारी मुलगी त्या नकाशात शेजारच्या वस्तीवरल्या मुलापेक्षा लांब गेली होती. "अंतर जमिनीवर नसतं, पायात असतं," सर म्हणाले. हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून घेतलं, कारण परीक्षेला येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

आमचं गाव येडशी आणि तेर यांच्या मधलं. सर मूळचे परंड्याकडचे. आमच्या माध्यमिक शाळेत इतिहास-भूगोल शिकवायला आले आणि पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत भाड्यानं राहिले. एकटेच होते. त्यांचा लॅपटॉप पंच्यात गुंडाळलेला असे, शेतात भाकरी बांधून नेतात तसा. पंचा सोडला की पिठाचा बारीक धुरळा उडायचा. मोटारसायकलवर कुणी "बसा सर" म्हटलं तर ते हात जोडायचे, "चालतो. मोजतोय," म्हणायचे आणि ओठातल्या ओठात आकडे पुटपुटत पुढे जायचे. त्यामुळे काही लोक त्यांना जप करणारा माणूस समजत.

सरांना वेड होतं रोमचं. ते कधी मुंबईच्या पलीकडे गेलेले नव्हते. त्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता आणि तो काढायचा विचारही नव्हता. आमच्या पुस्तकात, प्राचीन काळी भारताचा रोमशी व्यापार चालत असे, अशा अर्थाचं एक वाक्य होतं. बाकीच्या शिक्षकांनी ते एका दमात वाचून पुढचा धडा घेतला असता. सरांना त्या वाक्याला एक वर्ष पुरलं नाही. शनिवारी शाळा सकाळची असायची. ती सुटल्यावर संगणकाच्या खोलीत ते ज्यादा वर्ग घ्यायचे. आम्ही चौदा जण होतो. गावात त्याला "रोमचा वर्ग" म्हणत. मी घरी निघाले की पारावरचं कुणी तरी विचारायचंच, "काय गं, रोमात कांद्याला काय भाव हाय?"

वर्ग असा चाले. भिंतीवर प्रोजेक्टरनं उपग्रहातून दिसणारी पृथ्वी पाडायची. फोनचं नेट खोलीमागच्या पाण्याच्या टाकीपाशीच मिळे, म्हणून एक जण फोनचा हॉटस्पॉट लावून टाकीखाली बसायचा. मग सर नकाशा सरकवत इटलीत जायचे. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठानं रोमन रस्त्यांचा एक नकाशा सगळ्यांना फुकट ठेवला होता. त्यात दोन गावं सांगितली की मधला रस्ता किती दिवसांचा ते येई. बैलगाडीनं किती, गाढवावरून किती, जहाजानं किती. आणि त्याआधी तो नकाशा एक गोष्ट विचारी: हंगाम कोणता? हिवाळ्यात समुद्र खवळलेला असे, जहाजं बंदरात बांधलेली असत, की लगेच दिवस वाढत.

सरांना याचं किती कौतुक! "बघा, ह्यांनी हंगाम विचारला. आपल्याला कुणी विचारतंय का? पुस्तकात नुसतं, राजानं स्वारी केली. अरे, कधी केली? पिकं उभी असताना का नांगरटीला?"

त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला होता. कार्थेजचा सेनापती हत्ती घेऊन बर्फाचा डोंगर ओलांडून रोमवर आला, हे ते रंगवून सांगत होते. आम्ही तोंड उघडं टाकून ऐकत होतो. मध्येच थांबून त्यांनी छत्रीचं टोक भिंतीवरच्या डोंगरावर टेकवलं. "हितं मुक्काम केला. जेवला कुठं?"

मग स्वतःच पुढे म्हणाले,

"माणसं जेवली असतील कायबी. हत्तीला चारा कुठला? पाणी कुठलं?"

तेव्हापासून त्यांच्या नकाशात रेघ ओढायची तर तिच्यासोबत एक तक्ता भरावा लागे: कुठून, कुठे, किती दिवस, मुक्काम, पाणी, आणि शेवटचा रकाना, आधार. म्हणजे हे तुला कुणी सांगितलं. पुरावा पक्का असेल तर रेघ भरीव. अंदाज असेल तर तुटक. यात सूट नव्हती. आणि रकाना रिकामा ठेवायचा नाही. "माहीत न्हाय असं लिहा, पण रिकामा ठेवू नका. रिकामा रकाना म्हणजे दारात उपाशी उभा केलेला माणूस," असं ते म्हणायचे, आणि एकही रकाना मोकळा दिसला तर वर्ग सुटू देत नसत.

रोमन रस्त्यांचा तो नकाशा तिकडे पश्चिमेतच संपत होता. तिथून आमच्याकडे सगळं मोकळं. "आपलं टोक आपणच काढायचं," सर म्हणाले. त्यांनी आम्हाला तेरला चालत नेलं. तिथल्या संग्रहालयात मातीचे दिवे होते, आणि रोमन नाण्याचा ठसा घेऊन केलेल्या मातीच्या टिकल्या होत्या, गळ्यात घालायला भोक पाडलेल्या. ज्या गावाला आम्ही आठवड्याच्या बाजाराला जात होतो, त्या गावाचं नाव दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक खलाशानं लिहून ठेवलंय, हे आम्हाला तिथं कळलं. गुजरातेतल्या भडोचच्या बंदरापासून पैठण वीस दिवस, आणि पैठणपासून तेर पूर्वेला दहा दिवस, असं तो सांगतो.

सरांनी लगेच नकाशा उघडला. "पूर्वेला आहे का?"

तेर पैठणच्या पूर्वेला नव्हतं, आग्नेयेला होतं.

"म्हणजे खलाशी चुकला?" मी विचारलं.

"खलाशी बंदरावर बसून होता. हितं आलाच न्हाय. ज्यानं सांगितलं त्याचं त्यानं लिवलं. आधाराच्या रकान्यात काय लिहाल?"

शेवटी आम्ही लिहिलं: खलाशी, ऐकीव. आणि भडोचपासूनची त्याची रेघ तुटक काढली. इतका जुना, जगभर मान असलेला माणूस, पण सरांनी त्यालाही भरीव रेघ दिली नाही.

पैठण ते तेर मधले मुक्काम कुठले, हा प्रश्न उरला. एकानं येडशीला मुक्काम दाखवला. सरांनी आधार विचारला. तो म्हणाला, "सर, तिथं स्टेशन हाय की." आम्ही हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी त्याची पिन तशीच ठेवली आणि आधाराच्या रकान्यात लिहिलं: रेल्वे. "त्यानं काहीतरी आधार दिला. तुमी हसण्यापलीकडं काय दिलं?" असं त्यांनी आम्हाला विचारलं.

मग ते माझ्याकडे वळले. "तुझे वडील मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं जातात ना? त्यांना आण."

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादांनी त्याआधी शाळेत पाऊल टाकलं नव्हतं. माझं नावसुद्धा शाळेत चुलत्यानं घातलं होतं. ते आले ते घोंगडी खांद्यावर टाकून, वहाणा दाराबाहेर काढून. सरांनी खुर्ची दिली तर बसले नाहीत, तिच्या पाठीला हात लावून उभे राहिले.

"लादलेला बैल दिवसाला किती चालतो?" सरांनी विचारलं.

"पाच-सा कोस."

"आणि मेंढरं?"

"तीन-चार. पर वरीस कसं हाय त्याच्यावर."

"वाट तुम्ही कशी ठरवता?"

"वाट म्या कुठं ठरवतोय? पानी ठरवतंय."

मागून कुणी तरी मेंढरासारखं ओरडलं. वर्ग हसला. मी मान खाली घातली. माझ्या बाकापर्यंत घोंगडीचा वास येत होता आणि तो सगळ्यांना येत असणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सरांनी फळ्यावर हिशेब केला. सहा कोस गुणिले दहा दिवस. साठ कोस. नकाशावर पैठण ते तेर मोजलं तर जवळपास तेवढंच भरलं. सर जागच्या जागी दोनदा वळले. मग त्यांनी आमच्या शिवाराचं उपग्रहातलं चित्र भिंतीवर आणलं. दादांना आधी काही उमजेना. वरून कुणी पाहिलंय आपलं शिवार! मग त्यांना ओढा सापडला. "ह्यो आपला वढा न्हवं? मग ही बारव." जुनी पायऱ्यांची विहीर होती ती, गावाच्या वर माळावर. तिथून त्यांचं बोट भिंतीवर चालायला लागलं, आणि सर एका हातानं नकाशा सरकवत त्या बोटामागं पळायला लागले. कळंब गेलं, मांजरा ओलांडली, केज मागं पडलं. दादा प्रत्येक पाणवठ्याला थांबत होते. कुठं हातपंप, कुठं डोह, कुठं कुणाची विहीर आणि तो पाणी देतो का नाही. गेवराईच्या पुढं बोट थांबलं.

"फुडं न्हाय गेलो. माजा आज्या जायाचा पैठणपातुर. बारवीपासनं बैलांची जुनी वाट हाय म्हनायचा. म्या बघितली न्हाय."

"तुटक," सर म्हणाले. आणि माझ्याकडे बघून, "तक्ता तू भर. माणूस तुझा आहे."

मी सगळे रकाने भरले. शेवटचा नंतर भरते म्हणाले. सर प्रदर्शनाच्या गडबडीत होते, म्हणून मी सुटले.

जिल्ह्याच्या ठिकाणी शाळांचं प्रदर्शन होतं आणि आमचा नकाशा त्यात जाणार होता. पहिला आला तर पुढे संभाजीनगरला. मी घरी, पारावर, सगळीकडे सांगून ठेवलं होतं. नकाशावर मीच बोलणार होते. आदल्या दिवशी मुख्याध्यापक खोलीत आले, भिंतीकडे बघत म्हणाले, "ह्या तुटक रेघा बऱ्या दिसत नाहीत. परीक्षक म्हणतील काम अर्धं सोडलंय. आपल्या गावावरून जाणारी रेघ तरी ठळक पाहिजे." सर गाडीची सोय बघायला येडशीला गेले होते. मुख्याध्यापक बोलून निघून गेले आणि खोलीत मी एकटी राहिले.

मी ती रेघ भरीव केली. ते एक वेळ मुख्याध्यापकांच्या नावावर घालता येईल. पण आधाराचा रकाना त्यांनी बघितलाही नव्हता. तिथं माझ्या वडिलांचं नाव आणि त्यांचं काम लिहायचं होतं, आणि ते मोठ्या पडद्यावर सगळ्या जिल्ह्यातल्या शाळांपुढे येणार होतं. मला वर्गातलं ते "ब्यॅ" पुन्हा ऐकू आलं. मी लिहिलं: प्राचीन ग्रंथ.

प्रदर्शनाच्या दिवशी बसस्टँडवरून जागेवर जाताना सर वाट चुकले. रोमच्या गल्ल्या तोंडपाठ असलेला माणूस धाराशिवात दोनदा त्याच पानटपरीसमोर आला. टपरीवाला म्हणाला, "मास्तर, तिसऱ्या खेपेला पान घ्यावं लागंल." आम्ही खूप हसलो. त्या दिवशीचं माझं हसणं तेवढंच.

परीक्षक म्हणून एक वयस्कर प्राध्यापिका होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. हजेरीच्या नकाशाची गोष्ट त्यांना आवडली. खलाशाची रेघ तुटक का, याचं उत्तर मी दिलं तेव्हा त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग त्यांनी आमच्या बारवेवरून जाणाऱ्या रेघेवर बोट ठेवलं.

"ही एकच भरीव आहे. आधार प्राचीन ग्रंथ. कोणता ग्रंथ, बाळ?"

मी म्हणाले, "खलाशाचा."

"खलाशानं तुमच्या गावची बारव लिहिलीय?"

शेजारच्या शाळेची मुलं हसली. नियम असा होता की शिक्षकांनी दोरीच्या पलीकडे उभं राहायचं आणि बोलायचं नाही. सर दोरीपलीकडूनच बोलले.

"मॅडम, त्या रेघेला ग्रंथाचा आधार नाही. ती तुटक पाहिजे होती. वर्ग माझा, चूक माझी. गुण कापा."

मुख्याध्यापक सरांकडे बघत राहिले. ठिबक सिंचनाच्या मॉडेलला पहिला नंबर मिळाला. आमचं नाव यादीत नव्हतं. सोमवारी संगणकाच्या खोलीची किल्ली मुख्याध्यापकांनी परत मागितली आणि शनिवारचा वर्ग त्या वर्षी पुन्हा भरला नाही. चौदा जणांचा वर्ग माझ्या दोन शब्दांनी बंद झाला, हे मी कुणाला सांगितलं नाही. सगळे सरांनाच बोलत राहिले. गप बसले असते तर काय बिघडलं असतं, म्हणत.

प्रदर्शनाच्या त्या संध्याकाळी परतीच्या बसमध्ये सरांनी मला खिडकीची जागा दिली आणि कागदात बांधलेली भजी पुढे केली. आता विचारतील, मग विचारतील, म्हणून मी वाट बघत होते.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"न्हाय."

"खा. सकाळी घरनं फाटकापर्यंत किती मिनिटं लागली?"

"अंदाजे चाळीस."

"लिहितो," ते म्हणाले. बाकी काही नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

दहावीनंतर माझं शिक्षण थांबणार होतं, तेव्हा सर गिरणीपासून आमच्या वस्तीपर्यंत चालत आले. दादांशी ते तासभर बोलले. माझ्याबद्दल शेवटची पाच मिनिटं, आधीचा सगळा वेळ मांजरेच्या पाण्याबद्दल. उठताना म्हणाले, "हिला भूगोलाला घालू." दादा म्हणाले, "तुमी म्हंता तर घाला." फॉर्म सरांनी भरला. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. आज मी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचं काम करते. आमचं यंत्र उपग्रहाकडून खुणा घेतं. पण बांधाचा दगड मुळात कुठं होता हे उपग्रहाला माहीत नसतं, ते गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसालाच माहीत असतं. मी त्याचं नाव विचारून टिपणात लिहिते. कचेरीतले म्हणतात, याची गरज नसते. मी लिहिते.

सर निवृत्त होऊन परंड्याला गेले. गेल्या उन्हाळ्यात मी सुट्टीला घरी आले असताना त्यांचा फोनवर निरोप आला. नमस्कार नाही, खुशाली नाही. एक दुवा आणि खाली: नकाशा अजून आहे. दुरुस्त करायची परवानगी तुला दिली आहे.

मी अंगणात बसून उघडला. सगळं तिथं होतं. येडशीच्या मुक्कामाला आधार रेल्वे. खलाशी, ऐकीव. मधल्या वर्षांत सरांनी पुष्कळ रेघा वाढवल्या होत्या, दुसऱ्या शाळांतल्या मुलांच्याही, आणि एकाही तक्त्यात मोकळी जागा नव्हती. मग मी आमच्या बारवेवर आले. रेघ तुटक झाली होती. मी तिच्यावर बोट ठेवलं. दिवस भरलेले, मुक्काम भरलेले, पाणी भरलेलं. "प्राचीन ग्रंथ" पुसलेलं होतं. आणि त्या जागी काहीच नव्हतं. एक रकाना रिकामा असला तरी वर्ग सुटू न देणाऱ्या माणसानं एवढी वर्षं तो रकाना रिकामा ठेवला होता.

दादा शेजारी बाजेवर सुतळी वळत बसले होते. मेंढरं विकली, आता फिरणं होत नाही. मी त्या रकान्यात त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. पुढे लिहिलं: मेंढपाळ. गेवराईपर्यंत स्वतः चाललेले, पुढे आजोबांकडून ऐकीव.

पाच मिनिटांत रेघेखाली सरांची ओळ आली. मला वाटलं, काही तरी बोलतील. फक्त दोन शब्द होते: कोणत्या हंगामात?

मी दादांना वाचून दाखवलं.

"कोन, त्ये मास्तर?" दादांनी सुतळी खाली ठेवली. "मंग तवाच का न्हाय इचारलं? उन्हाळ्यात त्या वाटंनं कोन मरायला जातंय? बारव आटती. ही वाट दिवाळीपासनं संक्रातीपातुर. फुडं खालनं जायाचं, तेरणंच्या कडंनं. दाव मला, हितं कुठं हाय नदी."

मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी बोट टेकवलं. मी दुसरी रेघ काढायला घेतली, तुटक, आणि तिचा शेवटचा रकाना सगळ्यात आधी भरला.